लाजण्याचा रकाना

वेणूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, नळाच्या तोटीवर डोकं आपटलं आणि थोडा वेळ त्यांची शुद्ध हरपली. मुलाने, आनंदने, त्यांना कर्वेनगरहून कोथरूडच्या दवाखान्यात आणलं. तिथे पोचेपर्यंत बाई शुद्धीवर येऊन रिक्षावाल्याच्या मीटरवर लक्ष ठेवू लागल्या होत्या. डोक्याचा फोटो निघाला, त्यात काही दिसलं नाही. तरी डॉक्टर शुभंकर म्हणाले, "आत रक्त सावकाशही साचतं. दिवसभर नजरेखाली ठेवू. मेंदू ढिला पडतोय असं वाटलं, तर वेळप्रसंगी कवटीला भोक पाडावं लागेल."

वेणूबाईंचे यजमान रंगराव यांनी स्टूल खाटेजवळ ओढलं. भोसरीच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात ड्रिल मशीनवर काढली होती. भोक पाडणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मेंदूवर नजर ठेवायचं काम चैताली सिस्टरकडे होतं. ती तासातासाला येई, डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या बघे, दोन बोटं पुढे करून "दाबा" म्हणे, तळपाय रेटायला लावी आणि मग प्रश्न विचारी. दवाखान्यात नुकतेच कॉम्प्युटर आले होते. प्रश्न पडद्यावर वाचायचे, उत्तर तिथेच भरायचं.

"आजी, नाव सांगा तुमचं."

"वेणूबाई."

"आता कुठे आहात?"

"दवाखान्यात. घरी असते तर यांच्या भाकरी झाल्या असत्या."

"आज वार कोणता?"

"शनिवार. उपास आहे माझा."

"आणि हे कोण?" सिस्टरने रंगरावांकडे बोट केलं.

"आमचे मालक."

"नाव?"

वेणूबाईंनी पदर सावरला आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. सिस्टरने वाट पाहिली आणि खटाखट काहीतरी टाइप केलं. रंगराव डोकावले. पडद्यावर निकाल उमटला होता, 'गोंधळलेली अवस्था'.

"अहो, गोंधळ कसला! ती माझं नाव घेत नाही. लग्नापासून नाही घेतलं."

"कळतंय काका. माझी आजी पण घेत नव्हती. पण इथे दोनच रकाने आहेत, ओळखलं आणि नाही ओळखलं. लाजण्याला रकाना नाही."

"मग दुसरं काही विचारा."

"हो, तुम्हीच सांगा प्रश्न. डॉक्टर उगाच ठेवलेत आम्ही." आणि जाता जाता तिने बजावलं, "पुढच्या वेळी असंच झालं तर मला डॉक्टरांना कळवावं लागेल."

आनंद हिंजवडीला आयटीत होता. त्याने पडदा न्याहाळला. "हे फील्ड मॅन्डेटरी केलंय, बाबा. पुढे जाताच येत नाही. कुठल्या गाढवाने बनवलंय?"

"तुमच्यातल्याच कुणीतरी," सिस्टर दारातून म्हणाली.

रंगराव बायकोच्या उशाशी वाकले. "अगं, घे की नाव! डोक्याला भोक पाडतील."

"पाडू देत. चारचौघांत असं उघडंबोडकं नाव घेऊ? उखाण्यात असतं तर गोष्ट वेगळी."

सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, उखाणा चालेल, नाव आल्याशी मतलब. पुढच्या फेरीला आख्खा वॉर्ड माना वळवून ऐकायला लागला. वेणूबाई उठून बसल्या.

"भिंतीवरचं घड्याळ करतं टिकटिक, रंगरावांचं नाव घेते, डोकं आहे ठीकठीक."

टाळ्या पडल्या. पडद्यावर पूर्ण गुण. रंगरावांनी सुस्कारा सोडला, पण तासाभराने सिस्टर परत हजर.

"मघाचाच घे," रंगराव म्हणाले.

"तोच कसा घेऊ? बायका म्हणतील, हिला एकच येतो."

मग सलाईनच्या थेंबावर उखाणा झाला, बॅटरीच्या उजेडावर झाला. शेजारच्या वॉर्डातल्या बायका दारात गोळा होऊ लागल्या. पलीकडच्या खाटेवर पाय टांगून पडलेल्या ललिताबाई हळूच यमक पुरवायला लागल्या, तशी सिस्टर कडाडली, "मदत नको! मेंदू यांचा तपासतोय, तुमचा नाही!"

संध्याकाळपर्यंत वेणूबाई टेकीला आल्या. पोटात उपास, आणि जरा डोळा लागला की कुणीतरी बॅटरी मारायचं. सिस्टर पुन्हा आली. बोट कीबोर्डवर ठेवून उभी राहिली.

"ताटामध्ये साबुदाणा, साबुदाण्यात दाणा..." वेणूबाई अडकल्या. "दाणा... दाणा..."

ललिताबाईंनी तोंडावर पांघरूण ओढून घेतलं. रंगराव देवाचं नाव घेऊ लागले. आणि वेणूबाईंनी सगळा दिवसभराचा वैताग एकदम बाहेर काढला.

"रंगराव! उठा तिथून! घरी चला!"

वॉर्डातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. सिस्टरचा चेहरा तेवढा खुलला. "अगदी अचूक, आणि न अडखळता! आता सोडायला काहीच हरकत नाही." तिने लगेच डॉक्टर शुभंकरना बोलावलं.

रंगराव स्टुलावरून कसेबसे उठले. तोंड पांढरंफटक पडलं होतं. डॉक्टर आत येताच त्यांनी त्यांचा कोट धरला.

"डॉक्टर, हिच्या डोक्याचा परत फोटो काढा. आत्ताच्या आत्ता."

"का? तपासणी तर उत्तम आहे."

"तुमच्या पडद्यावर असेल उत्तम. बाई हातची चालली, डॉक्टर. तिनं मला नावानं हाक मारली."

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, मग रंगरावांकडे पाहिलं. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "रंगराव, ऐकू येत नाही का? चपला कुठे ठेवल्यात माझ्या?"

"बघा!" रंगराव रडवेले होऊन म्हणाले. "वाढतंय."