बरणीच्या तळाशी पैसा

मी एक जुनी काचेची बरणी आहे. तोंडाशी मला तडा गेलेला आहे. मित्रांनो, माझी गोष्टही एकदोन ठिकाणी तुटेल.

भट्टीतून निघाले आणि काशीला, रामघाटावरच्या वेणीमाधव गुरुजींच्या घरी आले, ती कैरीच्या लोणच्यासाठी. पाहुणे म्हणत, "या बरणीतलं लोणचं कधी बुरसत नाही." मग तडा गेला. लोणचं दुसऱ्या बरणीत गेलं, मी जिन्याखाली.

अंधार. कोळिष्टकं. त्या वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही.

मला बाहेर काढलं गुरुजींच्या सुनेनं, सुनीतीनं. ती मूळची मालवणची. इथून समुद्र फार लांब, म्हणून तिनं बैठकीत खाऱ्या पाण्याची टाकी मांडली होती. टाकीत प्रवाळाचे दगड, एक कोळंबी आणि पांढऱ्या पट्ट्यांचा एक नारंगी क्लाउन मासा. एका सकाळी त्या माशाच्या अंगावर रव्याएवढे पांढरे ठिपके दिसले. तो दगडाला अंग घासत होता. कल्ले भराभर हलत होते.

"व्हाइट स्पॉट," सुनीती म्हणाली. "अंगावर परजीवी बसलेत. याच्या औषधात तांबं असतं. टाकीत घातलं तर कोळंबी मरेल. याला वेगळं ठेवायला हवं."

अशी मी दवाखाना झाले. मीठ मला नवीन नव्हतं. तळाशी लपायला पाइपचा तुकडा, वर हवेचे बुडबुडे. सुनीती औषध थेंबाथेंबानं घाली. मग तांबं किती झालं ते कळावं म्हणून काचेच्या नळीत माझं थोडं पाणी घेऊन त्याचा रंग तक्त्याशी ताडून पाही. फिकट निळा आला की समाधानानं मान हलवी. ठिपके कमी होऊ लागले.

"मेडिकल कॉलेजच उघडलंस की घरात," गुरुजी चेष्टा करत. पण संध्या आटोपली की रोज माझ्यासमोर बसत.

"मामंजी, तो तुम्हाला ओळखायला लागलाय."

"ओळखणारच. सबेरे-शाम दर्शन देतो मी त्याला."

मग एका दुपारी, सुनीती शाळेत शिकवायला गेली असताना, गुरुजींनी देवघरातला तांब्याचा पैसा आणला. गंगेला वाहतात तसाच. डोळे मिटून पुटपुटले, "गंगामाई, याला बरं कर," आणि पैसा माझ्यात सोडला. तो पाइपमागे जाऊन बसला.

मला दिसत होता. मला तोंड आहे, जीभ नाही.

पुढच्या दिवसांत मासा खाईना. सुनीतीनं पाणी तपासलं. रंग गडद. "मोजायला चुकले का मी?" तिनं अर्धं पाणी बदललं. थोड्या वेळानं पुन्हा गडद. मासा कुशीवर कलला.

पैसा हिरवा पडत होता आणि मी

मी काय करणार होते.

शेवटी सुनीतीनं मासा बादलीतल्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात हलवला आणि मला उलटं केलं. पैसा खळकन फरशीवर पडला. गुरुजी दारातच उभे होते.

"मामंजी, हे काय?"

"वाहिला होता. तांबं तर तूही घालतेस."

"मोजून घालते."

गुरुजी पैशाकडे बघत राहिले. "गंगेत सगळं खपतं," ते हळू म्हणाले.

"ती गंगा आहे. ही बरणी आहे."

मला घासून धुतलं. नवं पाणी भरलं. मासा परत आला, पण कललेलाच.

आज संध्या झाल्यावर गुरुजी आले. मूठ उघडून सुनेला दाखवली. रिकामी होती. "काही घालू, की नुसता बसू?"

सुनीतीनं त्यांच्या तळहातावर खाद्याचा एक दाणा ठेवला. त्यांनी तो सोडला.

मित्रांनो, आजारी जिवाच्या पाण्यात काहीही सोडण्याआधी, ते कितीही मायेनं आणलेलं असो, त्याची शुश्रूषा करणाऱ्याला एकदा विचारा. काचेच्या भरवशावर राहू नका. काचेला सगळं दिसतं, आणि तेवढंच.

दाणा माशाजवळून खाली जातो. मासा वळतो. तोंड उघडतो. दाणा आत जातो, बाहेर येतो, पुन्हा आत जातो.

आम्ही तिघंही पाहतो आहोत.