वाजवू नका, फुंका

बँडमास्तरांनी श्वास मोजायच्या यंत्राची नळी तोंडात धरली. नाकाला चिमटा होता, तरी रुबाब मिरवणुकीच्या पुढे चालणाऱ्याचा.

"फुंका! जोरात, अजून जोरात!" तपासणीवाल्या ताई ओरडल्या.

पडद्यावर रेघ उठली आणि डुलत डुलत खाली आली.

"काका, तिन्ही वेळा तीन तऱ्हा. फुंकर एकसारखी आली नाही, तर औषधाने पुढे काय फरक पडला ते कळणार कसं? आजही जमलं नाही, तर या अभ्यासात तुम्हाला घेता येणार नाही हो."

मास्तरांचा चेहरा पडला. छातीत वारा होता तेव्हा त्यांनी ट्रंपेट वाजवत रस्ते गाजवले. सिगारेटींनी वारा खाल्ला, तेव्हा घरचा जिनाही डोंगर झाला. नव्या औषधाची परीक्षा चाललीय म्हटल्यावर ते आपणहून आले होते. कुणाला औषध मिळणार, कुणाला औषध नसलेली नुसतीच पूड. कुणाला काय, ते कुणालाच कळणार नव्हतं. "पूड मिळाली तरी चालेल, पण उरलेला श्वास कामी येऊ दे," ते म्हणाले होते.

कोपऱ्यातून बायको बोलली, "ताई, हे फुंकत नाहीयेत. वाजवताहेत."

"म्हणजे?"

"सुरुवात हळू, मग पुरवून पुरवून. जन्मभर तेच केलं ना! आणि कलावंत पडले. एकच गोष्ट तीनदा तशीच करायची म्हणजे यांचा अपमान."

"अगं, श्वास असा उधळायचा नसतो," मास्तर पुटपुटले.

"इथे उधळायचाच असतो, काका," ताई म्हणाल्या. "सगळा, एकदम."

"अहो, माझ्यावर खेकसता ना, तस्सं! तेव्हा कुठे सूर लावता?"

"चारचौघांत?"

"घरी बरी लाज वाटत नाही!"

मास्तरांनी छाती भरली आणि श्वास धाडकन सोडला. खोकले, पाणी प्यायले, थांबले. पुन्हा सोडला. पुन्हा. घडी घातलेल्या चादरीसारख्या तिन्ही रेघा एकावर एक बसल्या.

"बेसूर," मास्तर धापा टाकत म्हणाले.

"अगदी बेसूर, आणि अगदी बरोबर! घेतलं तुम्हाला."

बाहेर बाकावरच्या एकाने विचारलं, "औषध घ्यायला आलात वाटतं?"

"घ्यायला नाही," बायको ताठ होत म्हणाली, "औषध घडवायला आलेत हे."

मास्तर भिंतीला टेकून दम खात होते. तशातही त्यांनी हात वर नेऊन सदऱ्याची कॉलर नीट केली.