रहाटपाळण्याचा दुसरा अर्थ

दिगंबरपंत चावडीवर कारकून होते. सदाशिव पेठेत त्यांच्या अक्षरापेक्षा त्यांच्या जिभेचा बोलबाला जास्त. त्या वर्षी पुण्यात कारभारी टिकत नव्हते. सकाळी ज्याच्या दाराशी पालख्यांची गर्दी, संध्याकाळी त्याच्याच दारावर जप्तीचा पहारा. देवळाच्या पारावर कुणीतरी विचारलं, "काय पंत, दरबारात काय नवीन?"

"दरबार कुठला? रहाटपाळणा आहे तो," पंत म्हणाले. "वर बसलेल्यानं फार हात हलवू नयेत, एवढंच."

पारावर हशा पिकला. बघता बघता शब्द गावभर झाला. कुणाचं पद गेलं की लोक म्हणत, "आला पाळणा खाली."

मुठेकाठच्या जत्रेत तुळजाबाईचा खराखुरा रहाटपाळणा होता. नवरा गेल्यावर ती आणि तिचा दीर जयसिंग तो फिरवत. फेरी संपली की ती ओरडे, "वरचे खाली उतरा! खालचे वर चला!" तिचा सासराही असंच ओरडायचा.

त्या दिवशी ती ओरडली आणि नेमकी नव्या कारभाऱ्यांची पालखी समोरून चालली होती. लोकांनी पालखीकडे बघितलं आणि सगळी जत्रा हसली. पालखी थांबली. शिपायांनी कुऱ्हाडींनी पाळणा तोडला, लाकडं नदीत लोटली आणि तुळजाबाईला चावडीवर आणलं.

जबानी लिहायला दिगंबरपंतच बसले होते.

अंमलदारानं विचारलं, "रहाटपाळणा म्हणजे काय?"

"विहिरीवरच्या रहाटासारखा फिरतो, म्हणून रहाटपाळणा. आणखी काय असणार, सरकार?"

"दुसरा अर्थ सांग."

"दुसरा मला कुणी सांगितला नाही."

"मग लोक हसले कशाला?"

"हसले त्यांना विचारा. मी दोर धरून उभी होते."

अंमलदार पंतांकडे वळला. "लिहा, कारभाऱ्यांची भर जत्रेत निंदा केली. फटके देऊन गावाबाहेर घालवा."

पंतांनी टाक दौतीत बुडवला, पण हात पुढे सरेना. गप्प राहिलं तर चावडीवर कुणी त्यांचं नाव घेणार नव्हतं. घर होतं, बायको कुसुम होती, नोकरी होती. बाई मान ताठ ठेवून उभी होती. पंतांनी टाक खाली ठेवला.

"हिनं निंदा केलेली नाही. तो अर्थ माझा आहे. पारावर मीच बोललो. साक्षीदार हवेत तर निम्मी पेठ आहे."

अंमलदाराचा आवाज खाली आला. "पंत, मी काही ऐकलं नाही. आपण लिहा."

"ऐकलंत आपण," पंत म्हणाले.

बाई सुटली. पंतांची नोकरी गेली आणि पुणं सोडण्याचा हुकूम झाला.

घरी कुसुमनं सगळं ऐकून घेतलं. तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली. मग म्हणाली, "वाघोलीला माझे मामा आहेत, तिकडे जाऊ. पण अहो, त्या बाईचं काय?"

सकाळी दोघांनी ओटीवरचा सागवानी झोपाळा उतरवला. एक टोक पंतांनी धरलं, दुसरं कुसुमनं. शेजारपाजारचे दारांतून बघत होते. हात लावायला कुणी आलं नाही.

नदीकाठी तुळजाबाई आणि जयसिंग पाण्यातून लाकडं ओढून काढत होते.

"बाई, माझ्या बोलण्यापायी तुमचं..." पंत म्हणाले.

"तुम्ही खरं बोललात म्हणून माझी पाठ वाचली," ती म्हणाली. "पण सासऱ्याच्या हातचा पाळणा होता तो. तो काही परत येत नाही."

पंतांनी झोपाळा तिच्यापुढे ठेवला. तिनं झोपाळ्याच्या फळीवर बोटांनी वाजवून बघितलं.

"लाकूड चांगलं आहे. धरा इकडून, हलू देऊ नका."

जयसिंगनं करवत लावली. पंतांनी फळी दाबून धरली. कुसुमनं पदर खोचला आणि ओली लाकडं उन्हात मांडू लागली. ऊन कलल्यावर दोघं वाघोलीच्या वाटेला लागले. तुळजाबाई निरोप द्यायला उठली नाही. ती फळीला भोकं पाडत बसली होती.