मधमाशांच्या कोठारात

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी उणे बत्तीस अंश होतं आणि बाहेर वादळ सुटलं होतं. मी आणि माझा थोरला भाऊ मायरन मधमाशांच्या कोठारात मेलेल्या माशा झाडत होतो. नोव्हेंबरात मधमाशांच्या चौसष्ट पेट्या आत घ्यायच्या आणि एप्रिलपर्यंत अंधारात, बेताच्या गारव्यात सांभाळायच्या, हा आमच्या मॅनिटोबा प्रांतातला वडिलांपासूनचा शिरस्ता. माशा विकत आणायच्या नाहीत, असं वडील सांगून गेले होते. ज्या पेट्या हिवाळा काढतील त्यांच्यापासूनच नव्या करायच्या. वडील गेले, आई गेली. मायरनचं लग्न झालं नाही आणि मी एकवीस वर्षं "यंदाचा हिवाळा काढते नि जाते" म्हणत राहिले.

छपरावरचा बर्फ धडाडकन दारापुढे कोसळला. मायरननं दाराला खांदा लावला. दार बाहेर उघडणारं, तसूभरही हललं नाही. थोड्या वेळानं वीजही गेली आणि हवा बाहेर फेकणारा पंखा थांबला; आता आत ताजी हवा येणार नव्हती. वादळात तारा तुटल्या असणार.

माझ्या कपाळावर तांबडा दिवा होता. तांबडा उजेड माशांना दिसत नाही. साध्या उजेडाकडे मात्र त्या झेपावतात आणि थंडीत पडून मरतात.

"भिंतीची फळी तोडू या," मी म्हटलं.

"आणि माशा?"

"आधी आपण आत राहून मरतो की नाही ते बघ!"

"तुला काय, तू निघालीसच," तो म्हणाला.

ब्रँडन शहरातल्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरातली नोकरी मला एक मार्चपासून मिळाली होती. मी त्याला सांगितलं नव्हतं.

"पत्र कोणी आणून दिलं? मीच ना? पाकिटावर इस्पितळाचं नाव छापलं होतं की."

"मग तीन आठवडे बोलला का नाहीस?"

"काय बोलू? जा म्हणू? माझी जीभ रेटत नव्हती."

"आणि राहा म्हणायला?"

त्यानं पुन्हा दाराला खांदा लावला. मला संताप आला, पण ओरडायला श्वास पुरत नव्हता. डोकं ठणकत होतं. पेट्यांमधली मंद गुणगुण वाढत वाढत घरघरीवर आली. त्यांनाही हवा कमी पडत होती.

"पंख्याचं भोक," मायरन म्हणाला. "पलीकडे वाकडा नळ आहे, त्यातून उजेड येत नाही. त्यात बर्फ बसला असेल."

त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तेव्हा मीच पालथ्या बादलीवर चढले, पान्यानं पंखा सोडवला आणि झाडूचा दांडा नळात खुपसत राहिले. बर्फाचा भुगा तोंडावर पडत होता. खाली त्यानं माझे घोटे गच्च धरले होते.

"पडशील गं, स्टेफ."

"सोडू नकोस म्हणजे झालं."

अर्ध्या तासानं गार वारा चेहऱ्यावर आला. मी तिथंच तोंड लावून उभी राहिले, मग त्याला वर चढवलं. आळीपाळीनं श्वास घेत आम्ही दिवस काढला. चारच्या सुमारास, आमच्या घराच्या धुराड्यातून धूर नाही हे पाहून, शेजारचा लॉर्न ड्यूक ट्रॅक्टर घेऊन आला आणि त्यानं दार मोकळं केलं.

मायरनला छातीत कफ झाला, तो महिनाभर उठला नाही. एक मार्च निघून गेला. एप्रिलमध्ये लॉर्न आणि मी पेट्या बाहेर काढल्या. एकोणपन्नास जगल्या होत्या. मे महिन्यात त्यांतल्या जोमदार पेट्या विभागून आम्ही पुन्हा चौसष्ट केल्या. जूनमध्ये मध आला. प्रत्येक कामापाठी दुसरं काम उभंच होतं, आणि मी करत होते.

जुलैत मी इस्पितळाला परत लिहिलं. सप्टेंबरची जागा मिळाली. या वेळी पत्र मीच त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

त्यानं ते दोनदा वाचलं. "पेट्या आत घ्यायला येशील?"

"दोन दिवस येईन."

सप्टेंबरात मी ब्रँडनला गेले आणि नोव्हेंबरात दोन दिवसांसाठी घरी आले. चौसष्टही पेट्या आत लावल्या, नवा पंखा चालू करून पाहिला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "बर्फ पडतोय, उद्या जा."

मी बूट चढवले आणि बसच्या थांब्यापर्यंत चालत गेले.