काळी पाच

माह्या मास्तरले लोकं मोठा गुरू म्हणतात. म्हणू द्या. आंधळ्या पोट्ट्याले पेटी शिकवली, घरी ठेवून खाऊ घातलं, असं ढाणकीत आजही सांगतात. कसं शिकवलं ते कोणी इचारत नाही. म्हणून मीच सांगतो, अन् मधात कोणी बोलू नोका.

मी धम्मरत्न. जन्मापासून डोळ्यात उजेड नाही. माह्या मायचं नाव नलू. ती वावरात तण निंदाले जाये तवा मले धुऱ्यावर बसवून ठेवे, अन् मी तेलाच्या टिनावर बोटं आपटत भीमगीतं गाये. एक दिवस भीमराज मास्तरनं ते आयकलं. त्याची गाण्याची पार्टी होती, जयंतीचे दिवस आले का गावोगावचं बोलावणं असे. मास्तर पह्यले सोता पेटी वाजवे. मंग त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं जिनिंगच्या यंत्रात गेली. तवापासून तो मंचावर खंजिरी धरून बसे, गाणं त्याचा पोरगा सुगत गाये, अन् पेटीवर कोणी टिकेना. जो तो शिकला का दुसऱ्या पार्टीत पळे. मास्तरले न पळणारा पाहिजे होता. मी सापडलो. मी कुठी पळतो?

माय म्हणे, "दादा, चार फटके मारसान तरी चालीन, पण याच्या हातात काही तरी द्या." मास्तरनं त्यातलं फटक्याचं तेवढं बरोबर ध्यानात ठेवलं.

त्याची शिकवाची रीत आयका. गाण्यात पेटीची जी बटनं लागत नाहीत, त्यांच्यावर तो मेणानं बाभळीचे काटे चिकटवे. बोट चुकलं का काटा. गाणं बदललं का काटे बदलत. डोळेवाल्याले पाहून समजते, मले रगत निघाल्यावर समजे. मी रडलो का म्हणे, "रड बे, रड. तुह्या डोळ्याचा तेवढाच उपयोग हाय." अन् सोताच हासे. आग लागो त्या हासण्याले!

सुगत माह्यापेक्षा लहान. बापाची पाठ वळली का तो माह्या बोटातले काटे नखानं काढे अन् फुंकर मारे. मंचावर मले हळूच सांगे, "धम्मादादा, समोर लय गर्दी हाय. एक म्हातारी तुह्या वाजवण्यावर मान हालवून राह्यली." त्या घरात मले कोणी माणूस समजत असन तं तो एकटा सुगत.

हात माहा तयार झाला. लोकं सुगतच्या गाण्यावर शिट्ट्या मारत, पण समजणारे म्हणत का जीव पेटीत हाय. पोस्टरवर मात्र माहं नाव कधीच नाही. बसाची जागा पार मागे, स्पीकरच्या डब्ब्याजवळ. जेवाले सगळ्याच्या नंतर. मले एकच ध्यास लागला, या घरातून निघाचं, अन् जिथी माहं नाव घेतील तिथी बसून वाजवाचं.

तशी येळ आली बी. घाटंजीले मुकाबला होता. मुकाबल्यात दोन मंच समोरासमोर असतात, एक पार्टी गाण्यातून चिमटा काढते, दुसरी गाण्यातूनच उत्तर देते. समोर फरहानाबाई होती. तिचं नाव त्या वक्ती साऱ्या जिल्ह्यात. कार्यक्रम झाला, मास्तर कमिटीवाल्याइच्या मागे गेला, अन् ती सरळ माह्याजवळ आली. सुगत बाजूलेच बसला होता.

"बेटा, मेरा बाजेवाला भाग गया. मेरे साथ आता क्या? सामने बिठाऊंगी. पोस्टर पे नाम तेरा."

माह्या कानावर माहा इश्वास बसेना! तिनं तिची पेटी माह्यापुढे सरकवली अन् गाणं उचललं. म्या बोटं ठेवली, रोज ठेवतो तिथीच. तिचा सूर एकीकडे, माहा दुसरीकडे.

ती थांबली. "पांढरी चार में गाती मैं. पांढरी चार पे आ."

हे काय असते तेच मले माहीत नव्हतं. मले वाटे, पेटी म्हणजे एवढीच. जिथून सुगत सूर लावे ती काळी पाच, बारीक गळ्याची उंच पट्टी, अन् समदी गाणी तिथूनच. बाकी कुठूनही गाणं उचलता येते, गाणाऱ्याच्या गळ्यापरमाणं पट्टी बदलाची असते, हे मले कोणी सांगतलंच नव्हतं. चाचपडलो. ती पुन्हा गायली, मी पुन्हा चुकलो.

"या अल्ला, इसको तो बाजा आताच नहीं. बस रटा के रखा है किसी ने." मंग तिले दया आली असन. "सब पट्टी सीख के आ. तब तक तेरी जगह खाली रखती."

येताना जीपमधी म्या मास्तरले इचारलं, "मले एकच पट्टी काहून शिकवली?"

तो लपवत बी नाही! हासत म्हणे, "समद्या शिकवल्या असत्या तं थांबला असता का तू? आता जाय कुठी जातं ते. काळी पाचात गाणारं पोट्टं या तालुक्यात माह्याच घरी हाय."

ड्रायव्हर बी हासला. माहं तोंड कडू जहर झालतं.

तवापासून बजाराच्या दिवशी मास्तर बाहेर गेला का मी दार लावून घ्यायचो अन् पेटी काढायचो. पह्यले काळी दोन घेतली, मंग पांढरी चार, मंग बाकीच्या. गाणं तेच राह्यते, फक्त घर बदलते, हे समजलं त्या दिवशी एकटाच हासलो अन् एकटाच रडलो. साल निघून गेलं. आता फक्त फरहानाबाईच्या कानावर पडाची देर होती. फोन मास्तरच्या खिशात, निरोप धाडू कोणाजवळ?

अन् महागावच्या जयंतीले समोरची पार्टी तिचीच निघाली.

त्या दिवशी सुगतचा घसा घोगरा होता. मास्तरले वाटलं सर्दी. मायबाई, सर्दी कायची! पोट्टं वयात येऊन राह्यलतं. दुसऱ्याच गाण्यात वर जाताना त्याचा आवाज फाटला. लोकं हासले. तो पुन्हा गेला, पुन्हा फाटला. आपण काय शिकवलं नाही तेच घाबरलेला मास्तर इसरला, माह्या कानात ओरडला, "खाली घे! उतर, काळी दोनवर उतर!"

माही बोटं काळी दोनवरच होती. खरं सांगतो, आपसूक गेलती. फक्त दाबाचं बाकी होतं. दाबलं असतं तं सुगत वाचला असता, अन् समोर बसलेल्या बाईले समजलं असतं का या आंधळ्याले आता समद्या पट्ट्या येतात. माही जागा माह्या बोटाखाली होती. अन् मले मास्तरचा तो जीपमधला हासणारा आवाज आठवला.

म्या बोटं उचलली, काळी पाचवर ठेवली, अन् समोरच्या माइकमधी बोललो, "मास्तर, मले दुसरी पट्टी येत नाही. तुमी शिकवलीच नाही."

सारं मैदान हासलं. मी भाता ओढत राह्यलो, वरच, वरच. सुगत त्या सुरामागे धावत राह्यला अन् त्याचा गळा तुटत राह्यला. पोट्टे मोबाईलवर काढून राह्यलते. मास्तर "अबे, अबे" करत होता, रडल्यासारखा. लय बरं वाटलं मले. खोटं कायले बोलू?

मंग समोरून फरहानाबाईचा आवाज आला, मुकाबल्यातला, चिमटा काढणारा, "बच्चे का गला बैठ गया, और बाजेवाला अब भी वहीं का वहीं!" टाळ्या पडल्या. तिचं तं कामच होतं ते. पण ती माह्याबद्दल बोलली, अन् पुन्हा कधी माह्याजवळ आली नाही. तिची पार्टी आधी निघून गेली.

मी मंचामागे उभा होतो. कोणीतरी जवळ आलं. पावलावरून वळखलं, सुगत.

"धम्मादादा, तुले काळी दोन येते नं?"

म्या तोंड फिरवलं.

"मी आयके. बजाराच्या दिवशी खेळाले जातो म्हणून सांगे, अन् दाराबाहेर बसून आयके. लय मस्त वाजवते तू." त्याचा आवाज जाडाभरडा झालता, अनोळखी माणसाचा असते तसा.

"मंग बाबाले सांगतलं काहून नाही?" म्या इचारलं.

"सांगतलं असतं तं त्यानं तुले जाऊ देल्लं असतं का बाईकडे?"

मंग त्यानं माहा हात धरला, पायरी हाय म्हणून सांगतलं, अन् मले जीपमधी बसवलं.