दिवसा झोपण्याची खोली

आमच्या सूनबाईला झोप येत नव्हती आणि ती आणून दाखवायचा विडा मी उचलला होता. मी तीस वर्षं वाचनालयात काम केलं. दोनशे माणसं एका छपराखाली गप्प बसवणाऱ्या बाईला एक खोली शांत करता येऊ नये? नऊ बाय आठची तर खोली. मी म्हटलं, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ.

सूनबाई इस्पितळात सिस्टर आहे. अतिदक्षता विभागात, कायमची रात्रपाळी. सकाळी साडेआठला घरी येते आणि सगळं जग कामाला लागतं तेव्हा पडदे ओढून झोपते. निदान झोपायची. गेले दोन महिने तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. दोन तास, फार तर अडीच. नंतर नुसती पडून राहायची आणि संध्याकाळी उठायची ती डोळ्यांखाली शाई सांडल्यासारखी.

मला ते दिसत होतं, पण मी मनावर घेतलं ते एका सकाळी. ती आली आणि बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली.

"आई, काल माझ्या हातून घोटाळा झाला असता," ती म्हणाली. "पाच नंबरच्या पेशंटचं इंजेक्शन भरलं आणि सहा नंबरपाशी जाऊन उभी राहिले. बरोबरच्या सिस्टरनं हात धरला म्हणून."

"झालं तर नाही ना काही?"

"नाही झालं. पण पुढच्या वेळी हात धरायला कुणी नसलं तर?" तिनं पर्समधून एक कागद काढून दाखवला. राजीनामा होता. "महिनाभर बघते. झोप आली तर ठीक, नाहीतर हा देऊन टाकते. माणसांच्या जिवाशी खेळ नको."

खरं सांगायचं तर, लग्न होऊन आली तेव्हा तिची ही नोकरी मला मुळीच पसंत नव्हती. रात्रीची बाई घराबाहेर, हे काय, म्हणून मी वर्षभर तोंड वाकडं केलं. पण नंतर पाहिलं, ही मुलगी कामाबद्दल बोलायला लागली की तिचा चेहरा उजळतो. आपल्याला जे आवडतं ते काम करायला मिळणारी माणसं मी मोजकीच पाहिली आहेत. तिनं तो राजीनामा दिला असता तर घरात एक दमलेली, चिडलेली, स्वतःवरचा विश्वास उडालेली बाई राहिली असती आणि तिला बरं कुणी करायचं हे मला ठाऊक नव्हतं.

म्हणून मी पदर खोचला आणि खोलीच्या मागे लागले.

आधी माझ्याच वस्तू बाहेर काढल्या. त्या खोलीत भिंतीला लागून माझ्या चार ट्रंका, एक मोडकी शिलाई यंत्राची पेटी आणि वाचनालयातून रद्दीत निघालेली मासिकं होती. मुलगा वर्षानुवर्षं म्हणत होता, "आई, हे टाकू या," आणि मी म्हणत होते, "माझ्या तिरडीबरोबर टाक." ते सगळं मी एका दुपारी उचलायला लावलं. मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, त्याला अवजड सामान नवं नाही. तरी तो बघतच राहिला.

मग पलंग फिरवला. उशी येत होती न्हाणीघराच्या भिंतीला, आणि वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की त्या भिंतीतला पाइप घोड्यासारखा खिंकाळायचा. भिंती पिवळ्या होत्या, त्यांना राखाडी-निळा रंग दिला. खिडकीला काळं अस्तर लावलेला दुहेरी पडदा शिवला आणि उजेडाची चीर राहू नये म्हणून कडांना चिकटपट्टी लावली. कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल पाजलं. टिकटिक करणारं घड्याळ हद्दपार केलं. नवी चादर टोचते म्हणून माझी जुनी, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली सुती चादर घातली. दाराखालच्या फटीत सतरंजीची वळकटी.

खोली इतकी सुरेख झाली की मीच एकदा उगाच पडून पाहिलं. पाच मिनिटांत घोरायला लागले. नातीनं उठवलं.

नात, आमची ठमी, सात वर्षांची आणि जन्मतःच कर्णा गिळून आलेली. तिला घरात मोजे घालून चालायचं आणि कानात बोलायचं, हे शिकवताना माझे उरलेसुरले काळे केस पांढरे झाले. समोर दुचाकी दुरुस्तीचं दुकान. तिथला मेकॅनिक सकाळी दहाला गाड्या रेस करायला लागायचा. त्याला जाऊन सांगितलं, "दुपारी दोनपर्यंत गाडी सुरू केलीस तर माझ्याशी गाठ आहे." तो म्हणाला, "मावशी, गाडी सुरू न करता दुरुस्त झाली की नाही, कसं कळणार?" मी म्हटलं, "ढकलून बघ." बिचारा खरंच ढकलत कोपऱ्यापलीकडे नेऊ लागला.

आणि सर्वांत कडक नियम घरातल्यांसाठी. ती आली की तिच्याशी कुणी अक्षर बोलायचं नाही. दार आधीच उघडं ठेवायचं, टेबलावर गरम दूध झाकून ठेवायचं. ती दूध पिणार, हातपाय धुणार आणि थेट खोलीत. पूर्वी ती आल्यावर माझ्याबरोबर चहा घेत काहीबाही सांगत बसायची. मी तेही बंद केलं. बोलण्यानं डोकं जागं होतं, असा माझा अनुभव. वाचनालयात कुजबुजणाऱ्या दोघांपैकी एकालाही कधी झोप लागली नाही आणि एकेकटे बसलेले मात्र वर्तमानपत्रावर माना टाकायचे.

पहिल्या दिवशी ती काही सांगायला लागली तशी मी ओठांवर बोट ठेवलं. ती हसली, मान हलवली आणि आत गेली.

महिना संपत आला. माझी सगळी खटपट मात्र पालथ्या घड्यावर पाणी. उलट आता झोप दोन तासही लागत नव्हती. मला राग येऊ लागला. आधी खोलीचा, मग तिचा. मनात म्हटलं, एवढं सगळं केल्यावर माणसानं झोपायला नको? झोप ही काय दुकानातून आणून भरवायची वस्तू आहे? एक गोष्ट मला तेव्हाच सुचायला हवी होती. इतकी वर्षं ती याच खोलीत, माझ्या ट्रंकांच्या गराड्यात, खिंकाळणाऱ्या पाइपाखाली, मेल्यासारखी झोपत होती. पण हातात रंगाचा ब्रश असला की माणसाला भिंतच दिसते.

महिन्याचा शेवटचा दिवस. आज रात्री जाताना ती राजीनामा देणार हे तिनं आदल्या दिवशीच नवऱ्याला सांगितलं होतं. सकाळी आली, दूध प्यायली, आत गेली. अकराच्या सुमारास मी मोजे घालून दारावरून जात होते तर आतून कुजबुज ऐकू आली.

फोन! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरदार तोंडाला कुलूप लावून बसलंय आणि बाईसाहेब आत फोनवर गप्पा मारताहेत. मी धाडकन दार उघडलं.

फोन नव्हता. ती काळोखात पलंगावर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, आणि बोटं मोजत स्वतःशी बोलत होती. "दोन नंबर, ताप एकशे एक, पहाटे उतरला. तीन नंबर, लघवी कमी, डॉक्टरांना कळवलं..."

मी दिवा लावला. ती दचकली.

"हे काय चाललंय?"

"ओव्हर देतेय," ती म्हणाली आणि ओशाळून हसली. "वेड लागलंय मला, आई."

"कसली ओव्हर?"

मग तिनं सांगितलं. पाळी संपली की दिवसपाळीची सिस्टर यायची. दोघी एकेका पलंगापाशी उभ्या राहायच्या. ही सांगणार, या पेशंटचं रात्रीत काय झालं, काय द्यायचं राहिलंय, कशावर लक्ष ठेवायचं. ती ऐकणार, उलट म्हणून दाखवणार आणि शेवटी म्हणणार, "घेतलं." मग पुढचा पलंग. याला त्या ओव्हर देणं म्हणतात. सहा पलंगांची ओव्हर दिली की हात हलके करून घरी यायचं.

"आता संगणक आलाय," ती म्हणाली. "रकाने भरायचे, बटण दाबायचं, जायचं. दिवसाची सिस्टर नंतर वाचते. चूक काही नाही त्यात, उलट सगळं नीट लिहिलेलं राहतं. पण कुणी 'घेतलं' म्हणत नाही हो. घरी येते तर सहाच्या सहा माझ्याबरोबर येतात. डोळे मिटले की वाटतं, सांगायचं राहिलं."

"कधीपासून आलाय हा संगणक?"

"झाले तीन महिने."

मी स्टुलावर बसले. तिची झोप उडाली तीही तेव्हापासूनच. दाराला वळकटी, खिडकीला अस्तर, रस्त्यावरच्या माणसाच्या गाड्या बंद, आणि ज्या एका बाईला दाराशी आल्या आल्या बोलायचं होतं, तिच्यापुढे मी ओठांवर बोट धरून उभी. रोज. महिनाभर. मला माझीच लाज वाटली.

"मला दे," मी म्हणाले.

"काय?"

"ओव्हर. मी घेते."

"आई, तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"तीस वर्षं मला न कळणारी पुस्तकंही मी बरोबर जागेवर ठेवली आहेत. नावं नको सांगूस कुणाची. नंबर सांग."

ती पाय खाली सोडून ताठ बसली. चेहराच बदलला तिचा. "एक नंबर. ऑपरेशनचा दुसरा दिवस. जखम कोरडी. दुखतं म्हणून कुरकुरतात, पण ते चांगलं लक्षण आहे. बारा वाजता बायको भेटायला येईल, तिला दोन मिनिटं जास्त द्यायची."

"एक नंबर. जखम कोरडी. कुरकुऱ्या. बायकोला दोन मिनिटं जास्त," मी म्हणाले. "घेतलं."

दोन नंबर घेतला. तीन नंबरचं मी चुकीचं म्हटलं, तिनं दुरुस्त केलं, पुन्हा म्हणवून घेतलं. अशी कडक की मला वाटलं, ही माझ्या वाचनालयात असती तर मी तिच्या हाताखाली असते.

"चार नंबर," ती म्हणाली. "बाई. वय पस्तीस. पहाटे पाचला आत आल्या. श्वास आता बरा."

"पहाटे पाचला? मग त्याआधी चारवर कोण होतं?"

तिनं चादरीची कड बोटाला गुंडाळायला घेतली.

"अगं, कोण होतं?"

"आजोबा होते. नऊ दिवस होते." ती म्हणाली. "चार वाजून दहा मिनिटांनी गेले. मुलगा परगावी, गाडीत होता, पोचला नाही. मी हात धरून होते. मग सगळं आवरायचं होतं, पलंग पुसायचा होता. बाहेर त्या बाई स्ट्रेचरवर थांबल्या होत्या."

"आणि हे तू कुणाला सांगितलंस?"

"वेळ लिहिली ना. पण ओव्हर जिवंत माणसांची देतात, आई. गेलेल्यांची कुणाला देणार?"

आणि ती रडायला लागली. मोठ्यानं, तोंड उघडून, लहान मुलासारखी. माझ्या त्या शांत खोलीत. मी तिला जवळ घेतलं आणि रडू दिलं. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं.

"काय सांगायचं राहिलं त्यांचं?" मी विचारलं.

"काही नाही. सारखी खिडकी उघडा म्हणायचे. तिथल्या खिडक्या उघडतच नाहीत. मी रोज म्हणायचे, उद्या उघडू."

"चार नंबर, आधीचे. आजोबा. खिडकी उघडा म्हणायचे. तू हात धरून होतीस," मी म्हणाले. "घेतलं."

पाच आणि सहा भराभर झाले. सहाव्याचं 'घेतलं' म्हणेपर्यंत ती आडवी झाली होती. मी दिवा मालवला, दार नुसतं लोटून घेतलं. वळकटी लावायची विसरलेच.

साडेबाराला समोरच्या मेकॅनिकचा धीर सुटला आणि त्यानं कुणाची तरी फटफटी रेस केली. मी धावत दाराशी गेले. आतून घोरणं ऐकू येत होतं. एक वाजता ठमी शाळेतून आली ती बोंबलतच, कुणाशी तरी भांडण जिंकून. तरी घोरणं चालूच. मी खुर्चीत बसून शेंगा निवडायला घेतल्या आणि माझ्या लक्षात आलं की माझं चित्त शेंगांत नाही. तीन नंबरला लघवी झाली असेल का? एक नंबरची बायको आली असेल ना? आणि ते आजोबा तर जागचे हलेनात.

दुपारी मुलगा जेवायला आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, डोळे का लाल?"

"चार नंबर गेले रे," मी म्हणाले.

"कोण चार नंबर?"

सहा माणसं मी फक्त दोन तास सांभाळली होती, तीही न बघितलेली, आणि माझा जीव टेकीला आला होता. ही पोर तीन महिने रोज सहा जणांना एकटी घरी घेऊन येत होती.

ती सहाला उठली. सलग सहा तास झोपली होती. गालावर उशीची वळी उमटली होती. चहा प्यायली, केस विंचरले, गणवेश चढवला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"द्या, आई," ती म्हणाली. "माझी ओव्हर."

मी दिली. एक, दोन, तीन. चारवरच्या बाई. पाच, सहा. एकदाच चुकले. प्रत्येकाला ती "घेतलं" म्हणाली.

"आणि आधीचे चार?" तिनं विचारलं.

"ते राहू देत माझ्याकडे," मी म्हणाले. "तू आत्ता आहेत त्यांना बघ."

तिनं वाकून बुटाची नाडी बांधली. बांधून झाली तरी जरा वेळ वाकलेलीच राहिली. मग पर्स उचलून दाराकडे निघाली. मला विचारल्याशिवाय राहवेना.

"आणि तो कागद? आज देणार होतीस ना?"

"आज कसा देऊ?" ती म्हणाली. "उद्या सकाळी तुम्हाला ओव्हर द्यायचीय."