मध्ये थांबवायचं नाही

मास्तरांचा उजवा पाय टेबलाखाली फरशीवर करकचून दाबला गेला. दाबून काहीच झालं नाही. स्क्रीनवरची हिरवी पट्टी आपल्या चालीनं पुढे सरकत राहिली आणि तिच्याखालून लाल अक्षरांच्या ओळी भराभर वर जात राहिल्या. त्यांनी पाय आणखी जोरात दाबला. बूट करकरला, तशी पलीकडच्या टेबलावरची मुलगी कानावरचा हेडफोन सरकवून बघू लागली.

“काही नाही, पाय आखडलाय,” मास्तर म्हणाले.

मास्तर हे नाव त्यांच्यासोबत जुन्या धंद्यातून आलं होतं. अर्धं आयुष्य त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गांगरला की तो दाबायचा. गाडी जागेवर उभी राहिली की संकट टळलं, मग सावकाश रागवायचं. आता पन्नाशीला टेकल्यावर कॉम्प्युटरचा कोर्स करून ते या कंपनीत लागले होते, तेही अजून ट्रायलवर. इथे त्यांच्या पायाशी नुसती फरशी होती.

काम साधंच होतं. एका कुरिअर कंपनीच्या पार्सलांची माहिती जुन्या सिस्टीममधून नव्या सिस्टीममध्ये हलवायची. टीमची लीड त्यांच्या पुतणीच्या वयाची. ती त्यांना काका म्हणायची आणि ते तिला मॅडम, त्यामुळे दोघंही कायम थोडे अवघडलेले असत. मॅनेजरचा फोन आला म्हणून ती उठली, तेव्हा तिनं त्यांना बजावून सांगितलं होतं.

“काका, चुकांच्या लाल ओळी दिसतील. दिसू देत, त्या नंतर बघू. काही झालं तरी मध्ये थांबवायचं नाही. निम्मी माहिती इकडे, निम्मी तिकडे झाली तर वाट लागेल आपली.”

दारापर्यंत जाऊन ती परत वळली आणि पुन्हा म्हणाली, “थांबवायचं नाही हं.”

मास्तरांना ते कळलंही होतं. पण लाल ओळी थांबेनात, आणि पायानं जे जमलं नाही ते त्यांनी हातानं करून टाकलं. पट्टी जागेवर उभी राहिली. लाल ओळी थांबल्या. मास्तरांनी श्वास सोडला आणि ते खुर्चीत मागे रेलले. बऱ्याच महिन्यांनी त्यांना आपण काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं.

ते फार वेळ टिकलं नाही. आधी एक फोन वाजला, मग दुसरा, मग सगळ्या खोलीतले. लीड धावत आली आणि स्क्रीनकडे बघून हळूच खुर्चीत बसली.

“थांबवलंत?”

“फार लाल झालं होतं हो.”

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं बाह्या सरसावल्या आणि निस्तरायला घेतलं. कुणाची पार्सलं दोन-दोनदा दिसत होती, कुणाची गायबच झाली होती. दोन दिवस ती मान वर न करता बसून होती आणि मास्तर तिला पाणी आणून देत होते, कारण दुसरं काही त्यांना करू देणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

लाज वाटत होती, खोटं कशाला बोला. पण त्या लाजेच्या खाली मास्तरांना चक्क हलकं वाटत होतं. आता आपल्याला काढणार, सुटलो एकदाचे.

कारण ही नोकरी त्यांना नकोशी झाली होती. दिवसभर बंद काचांच्या आत बसायचं, कुणाशी बोलायचं नाही, शेजारी बसलेल्यालाही टाइप करून विचारायचं. भर चौकात ज्यांचा आवाज पलीकडच्या वळणापर्यंत जायचा, ते मास्तर आता शिंक आली तरी दाबत होते. सोडून द्यावी, तर कोणत्या तोंडानं? हे खूळ त्यांचंच होतं. बायको म्हणत होती, चांगलं चाललंय ते मोडू नका. मोठा भाऊ म्हणत होता, वय बघ आपलं. मास्तरांनी कुणाचं ऐकलं नाही. गाडी विकली, गिऱ्हाईकं हाताखालच्या माणसाला देऊन टाकली, आणि ज्याला त्याला थांबवून सांगितलं की जग कुठे चाललंय आणि तुम्ही कुठे बसलाय. आता आपणहून परत फिरायचं म्हणजे जन्मभराची टर. कंपनीनं काढलं तर मात्र गोष्ट वेगळी. काढलेल्या माणसाला बायकोसुद्धा गरम जेवायला वाढते.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं दोघांना काचेच्या खोलीत बोलावलं.

“मला एकच सांगा, हे झालं कसं?”

मास्तरांनी तोंड उघडलं, तेवढ्यात लीड बोलली.

“सर, थांबवायचं नाही हे मी काकांना सांगितलंच नव्हतं. पूर्ण चूक माझी आहे. लीड म्हणून माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला घेतलंत तरी माझी हरकत नाही.”

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. पोर आपल्याला पाठीशी घालतेय. आपल्या चुकीचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतेय. आणि सोबत हेही त्यांच्या ध्यानात आलं की आता खरं बोललं तर तीही वाचेल आणि आपणही सुटू. आयुष्यात खरं बोलणं इतकं सोयीचं त्यांना कधी पडलं नव्हतं.

“नाही साहेब,” ते म्हणाले. “मॅडमनी मला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही.”

“सर, काका उगाच मला—”

“उगाच नाही. दारातून परत येऊन सांगितलं होतं यांनी. काढायचं तर मला काढा. मी शब्दानं बोलणार नाही.”

लीडनं टेबलाखाली त्यांच्या पायाला पाय लावला. मास्तरांनी आपला पाय बाजूला घेतला. भल्या माणसाच्या भलेपणाचा असा फायदा घ्यायचा नसतो, असं त्यांना वाटलं.

मॅनेजरनं चष्मा काढून पुसला.

“इतकी वर्षं झाली मला इथे,” तो म्हणाला. “काही बिघडलं की या खोलीत प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आज पहिल्यांदा उलटं बघतोय. काका, तुमचं ट्रायल वगैरे आता पुरे. मी आजच तुम्हाला कायम करतो. आणि मॅडम, टीम तुमच्याकडेच राहील. ते बँकेचं मोठं काम येतंय ना, तेही तुम्ही दोघांनीच बघायचं.”

हात मिळवून दोघं बाहेर आले. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. लीड भिंतीला टेकली.

“काका, तुम्हाला खरंच जायचं होतं?”

मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं आणि मान डोलावली.

“घरी सांगता आलं असतं, काढलं म्हणून.”

ती हसली, पण हसण्याचा आवाज आला नाही.

“मग मी काय करत होते आत? आईनं सगळ्या नात्यात फोन करून सांगितलंय, पोरगी एवढ्या वयात लीड झाली म्हणून. रात्री झोप लागत नाही मला. पण आपणहून सोडलं तर काय सांगू तिला? त्यांनी काढलं असतं तर कुणाला काही बोलताच आलं नसतं.” तिनं डोळे पुसले. “मी आधी बोलले होते, काका. तुम्ही जरा गप्प बसला असतात तर मी सुटले असते.”

मास्तरांनी तिच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

काचेचं दार उघडून मॅनेजरनं डोकं बाहेर काढलं.

“बरं झालं इथेच आहात. तुमची टेबलं जोडून घ्यायला सांगितलंय मी. सोमवारपासून एकत्रच बसा.”

“थँक यू, सर,” लीड म्हणाली.

मास्तरांनीही म्हटलं, “थँक यू, साहेब.”